रुमालाखालचा भाव

पेठ वडगावचा जनावरांचा बाजार मी पहिल्यांदा पाहिला तो आजोबांचं बोट धरून. कसबा बावड्यातून अंधारातच निघायचं, शियेच्या बाजूनं पंचगंगा ओलांडायची आणि उजाडता उजाडता वडगाव गाठायचं. एक बैल विकायचा होता. आजोबा दावं धरून उभे होते आणि चार पावलांवर दोन हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, आमच्या बैलाचा भाव ठरवत होते. दोघांच्या हातांवर उपरणं टाकलेलं. उपरण्याखाली काहीतरी वळवळत होतं. तोंडानं एकजण एवढंच म्हणाला, ‘हे हजार.’ जरा वेळानं, ‘हे शंभर.’ किती हजार, किती शंभर, ते बोटांना ठाऊक. मी वाकून बघायला लागलो तसं आजोबांनी मानगूट धरून मागं ओढलं. म्हणाले, ‘हाताकडं बघून काय कळणार? तोंडाकडं बघ.’

व्हॉट्सॲपवर नवं संभाषण उघडलं की वरच्या बाजूला एक चौकट दिसते: संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, मधल्या कुणालाही, कंपनीलासुद्धा, ते वाचता येणार नाहीत. या चौकटीचं कूळ शोधणारे सहसा दुसऱ्या महायुद्धातल्या एनिग्मा यंत्रापर्यंत जातात. जावोत बापडे. मला तिची एक मूळशाखा वडगावच्या धुळीत दिसते.

रुमालाखालच्या सौद्याची रीत साधी. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. सहाच्या पुढं बाजारागणिक आणि मालागणिक रीत बदलते. एकक तेवढं मोठ्यानं सांगायचं, आकडा कापडाखाली. गर्दीला कळतं की सौदा चाललाय, कुणाकुणात चाललाय, हजारात आहे की शेकड्यात. कळत नाही ती फक्त संख्या. पटलं तर विसार द्यायचा, नाही पटलं तर हात काढून घ्यायचा. फिसकटलेल्या सौद्याचा आकडा तिसऱ्याच्या कानी गेलेला नसतो, त्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकाकडे पहिल्यापासून सुरुवात करता येते.

बोलूनही लपवता येतं. दलाल-सराफांची त्यासाठी नंदभाषा होती. तिच्यात अवारू म्हणजे दोन, पोकू म्हणजे चार, पवित्र म्हणजे सात, मंगी म्हणजे आठ. समोर उभ्या शेतकऱ्याला वाटावं, देवाधर्माचं काही चाललंय. पण हे शब्द पुढं शब्दकोशांत छापून आले आणि ज्याच्याजवळ कोश त्याला भाव कळायला लागला. १८८३ साली ऑगस्त केर्कहोफ्स या भाषातज्ज्ञानं लष्करी गुप्तलेखनासाठी सांगितलेला नियम हाच आहे. पद्धत शत्रूच्या हाती पडणारच असं धरून चाला, किल्ली तेवढी सांभाळा. नंदभाषेला किल्लीच नव्हती. सगळी मदार पद्धतीवर.

करपल्लवीचंही तेच. आज हा शब्द फारसा कानावर येत नाही, पण तिची रचना देखणी आहे. देवनागरी वर्णमालेचे आठ गट करायचे आणि प्रत्येकाला हाताची एक खूण द्यायची. नागाची फणा म्हणजे स्वर, कारण ‘अहि’ शब्दाचं पहिलं अक्षर अ. कमळ म्हणजे क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, टंकार म्हणजे ट-वर्ग, तरू म्हणजे त-वर्ग; असंच पुढं श-पर्यंत. मग वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी आणि मात्रा चुटक्यांनी. वात्स्यायनाच्या कामसूत्रातल्या चौसष्ट कलांतही अक्षरमुष्टिकाकथन आणि म्लेच्छितविकल्प, म्हणजे हाताच्या खुणांची आणि उलटसुलट अक्षरांची सांकेतिक भाषा, अशा दोन कला आहेत. शिक्षण चोख होतं म्हणायचं! पण समोरच्या गच्चीवर करपल्लवी शिकलेली एखादी आत्या बसली असेल तर सगळंच ओम्.

खरी किल्ली लागते ती लिपी महाराष्ट्रात चौदाव्या शतकात आढळते. महानुभाव पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीत नेले. परंपरा तिचं कर्तेपण रवळोबासांकडे देते. पुढं सुंदरी, वज्र, अंक, शून्य अशा अनेक सांकेतिक लिप्या पंथात झाल्या. कल्पना अशी की एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर किंवा चिन्ह लिहायचं आणि अदलाबदलीचा तक्ता फक्त पंथातल्या माणसाला द्यायचा. पोथी परक्याच्या हातात पडली तरी त्याला ते गिचमीड वाटावं. हे इतकं साधलं की लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा मूळग्रंथ मराठी वाचकांना कित्येक शतकं माहीतच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. एकास एक अदलाबदल असली की चिकाटीच्या माणसापुढं ती टिकत नाही. कोणत्याही भाषेत काही अक्षरं सारखी येतात, काही क्वचित येतात, आणि मोजत बसलं की मुखवट्यामागचा चेहरा दिसायला लागतो. बगदादच्या अल-किंदीनं नवव्या शतकातच हे लिहून ठेवलं होतं.

कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयात दरबारी कागद कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या गाठोड्यालाही रुमालच म्हणतात. त्यांतली मोडी आज बहुतेकांना वाचता येत नाही, म्हणून तिला कुणी गुप्तलिपी समजतो. मोडी कधीच गुप्त नव्हती, ती झरझर लिहायची रोजची लिपी. शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत आपल्याच पणज्याचं खरेदीखत आपल्याला परकं झालं. किल्ली कुणी लपवली नाही, आपणच हरवली.

तर अडचण किल्लीची. सकळ लिपीचा तक्ता देण्यासाठी गुरू-शिष्यांना आधी भेटावं लागे. रुमालाखालच्या सौद्याला दोघांना एका जागी उभं राहावं लागतं. बावड्यातल्या माणसाला दुबईतल्या भावाशी खासगी बोलायचं असेल आणि दोघांमधली प्रत्येक तार दुसऱ्याच्या मालकीची असेल, तर किल्ली पाठवायची कुठून? पाठवली की मधल्यानं पाहिली. हजारो वर्षं या गाठीवर उत्तर नव्हतं, आणि नाहीच असं तज्ज्ञही धरून चालले होते.

१९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकनांनी ते छापलं. आपल्या भाषेत सांगायचं तर उन्हाळ्यातल्या मसाल्यासारखं. समजा, दोन घरांना एकाच चवीचा कांदा-लसूण मसाला करायचा आहे, पण पाककृती कुणाला कळू द्यायची नाही आणि डबे न्यायला-आणायला एकच पोऱ्या आहे, तो वाटेत चव घेतो. दोन्ही घरं एकच मिरचीपूड घेतात, ती जगाला माहीत. प्रत्येक घर तीत आपलं एक गुपित जिन्नस मिसळतं आणि डबा पाठवतं. आलेल्या डब्यात प्रत्येक घर पुन्हा आपलंच गुपित जिन्नस घालतं. दोन्हीकडे तोच मसाला तयार. पोऱ्यानं दोन्ही डबे चाखले, पण मिसळलेलं वेगळं काढता येत नाही, म्हणून शेवटची चव त्याला साधत नाही. प्रत्यक्षात मिरचीच्या जागी प्रचंड संख्या असतात आणि मिसळण्याच्या जागी घातांकाचं गणित: पुढं जायला सोपं, मागं फिरायला संगणकालाही अशक्यप्राय. या कथेत एक गंमत आहे. ब्रिटिश सरकारच्या गुप्तवार्ता खात्यातल्या गणितज्ञांनी हेच काही वर्षं आधी शोधलं होतं, पण गुप्ततेची ही युक्ती त्यांनी स्वतःच १९९७ पर्यंत गुप्त ठेवली. श्रेय गेलं.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १९९१ साली फिल झिमरमननं सामान्य माणसाच्या ईमेलसाठी पीजीपी काढलं, पण ते वापरायला सामान्य माणूस थोडा असामान्य असावा लागे. २०१३ च्या सुमारास मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी सिग्नलची पद्धत रचली. तिच्यात किल्ली सतत बदलत जाते, जणू प्रत्येक बोट दाबल्यानंतर बोटांचा अर्थच बदलावा. एक किल्ली चोरीला गेली तरी आधीचं बोलणं उघडत नाही. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपनं हीच पद्धत सगळ्या वापरकर्त्यांना लावली. कुणाला काही शिकावं लागलं नाही, बहुतेकांना कळलंही नाही. संपर्काच्या माहितीत आत गेलं तर साठ आकड्यांचा एक क्रमांक दिसतो. तो समोरच्याच्या क्रमांकाशी जुळला तर मध्ये कुणी पोऱ्या घुसलेला नाही. तो जुळवून पाहिलेला माणूस मला बावड्यात अजून भेटायचाय.

पण आजोबा म्हणाले होते, तोंडाकडं बघ. त्यांनी त्या दिवशी बोटं न पाहता आकडा जवळपास ओळखला होता. हात किती वेळ आत राहिले, कोणत्या हेड्यानं दोनदा हात काढला, कुणाच्या कपाळावर आठी आली, आधी कोण कुणाकडं गेलं, हे सगळं त्यांनी बघून ठेवलं होतं. व्हॉट्सॲपचंही कापड तेवढंच झाकतं. तुम्ही काय लिहिलं ते झाकलं जातं; कुणाशी, केव्हा, किती वेळा, हे कंपनीला दिसू शकतं. गुगलवर किंवा आयक्लाउडवर ठेवलेली जुन्या संभाषणांची प्रतही वर्षानुवर्षं या कुलपाबाहेरच होती. तिला कुलूप लावायची सोय २०२१ मध्ये आली, तीही स्वतः चालू केली तरच. आणि समोरच्या माणसाचा तर बंदोबस्तच नाही. जून २०२३ मध्ये काही तरुणांच्या मोबाईल-स्टेटसवरून कोल्हापुरात बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. कुठलंही कुलूप फुटलं नव्हतं. स्टेटस मुळात पाच-पन्नास जणांना दाखवायलाच असतं, आणि स्क्रीनशॉटला कुणाची किल्ली लागत नाही.

रुमालाखालचा सौदा पुढं कायद्यानं मोडला. १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशननं नियंत्रित बाजारांची शिफारस केली, मुंबई प्रांतात १९३९ साली आणि महाराष्ट्रात १९६३ साली बाजार समित्यांचे कायदे झाले. शाहूपुरीतली गुळाची पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली. आता बाजार समितीत गुळाच्या रव्यांवर उघड बोली लागते. हा निर्णय मला पूर्ण पटतो. गुपित राखण्यावर माझा राग नाही. बैल आमचा होता आणि उपरण्याखाली आमचा हात नव्हता, दोन्ही हात हेड्यांचे. गुपित आमच्यापासूनच राखलं जात होतं. म्हणून २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी संदेशाचा पहिला प्रेषक शोधून द्या असं व्हॉट्सॲपसारख्या कंपन्यांना सांगितलं आणि व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा मी सरकारच्या बाजूचा नव्हतो. फोनवरच्या बोलण्यात बैलाचा मालक कापडाच्या आतच असतो. अफवेनं माणसं मरतात हेही खरं आहे, धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात २०१८ साली पाच जणांचा जीव गेला, ते विसरून बोलणं बरं नव्हे. तरी एका पहिल्या प्रेषकाला शोधण्यासाठी सगळ्यांचे हात उघडे ठेवायला मी तयार नाही.

‘खासगी’ हा शब्दही गमतीचा आहे. फारसीतून आलेल्या ‘खास’चं हे पिल्लू, आणि मराठी कारभारात खासगी म्हणजे राजाच्या घरचं: खासगी खातं, खासगी कारभारी, खासगीकडच्या जमिनी. रयतेला खासगी असं काही नव्हतंच. राजर्षी शाहूंचा जन्म २६ जून १८७४ रोजी आमच्या बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला, तेव्हा या गावात खासगी म्हणावं अशी जागा बहुधा ती एकच होती. आमच्या वाड्यांना दारं होती, पण ती दिवसभर सताड उघडी. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. राजवाड्यातला शब्द कागदोपत्री तरी शेतमजुराच्या खिशापर्यंत पोचला.

परवा संध्याकाळी भगवा चौकाजवळच्या कट्ट्यावर बसलो होतो. एका तात्यांच्या फोनवर व्हॉइस मेसेज आला. तात्यांनी फोन कानापासून वीतभर लांब धरून स्पीकरवर लावला. गगनबावड्याकडचा कुणीतरी म्हशीचा भाव सांगत होता, दात किती, दूध किती, कितव्या वेताची, सगळं तपशिलात. रस्त्यापलीकडचा चहावालाही ऐकत उभा राहिला. मेसेज संपला. शेजारच्या आप्पांनी विचारलं, ‘मग, घेणार कितीला?’ तात्यांनी फोन खिशात टाकला, खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर पसरला आणि म्हणाले, ‘आण हात हिकडं.’