धारित्र घडविणारे हात

रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर जिला ‘कंडेन्सर’ म्हणतो आणि शास्त्रीय मराठीत जिला ‘धारित्र’ हे नाव आहे, ती वस्तू आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते ती छताच्या पंख्यामुळे. पंखा मंदावला की वायरमन येतो, एक लहानशी डबी बदलतो, आणि पंखा पूर्ववत् फिरू लागतो. त्या डबीचे थोडेसे पैसे मोजून आपण तिला विसरतो. परंतु याच जातीची, मुठीत मावेल एवढी एक वस्तू हजारो रुपयांना, आणि आतील पत्रा शुद्ध चांदीचा असल्यास क्वचित लाखाच्याही घरात विकली जाते, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटेल. ती थट्टा नाही. जपान, डेन्मार्क, इंग्लंड या देशांतील लहान कार्यशाळांत अशी धारित्रे एकेक करून हाताने घडविली जातात, आणि ध्वनिमुद्रिका ऐकण्याचे वेड असलेली मंडळी आपल्या ध्वनिवर्धकासाठी ती आनंदाने घेतात. ‘हाताने घडविलेले’ हे शब्द तेथे किमतीचे कारण म्हणून सांगितले जातात. धारित्राचा इतिहास पाहू गेल्यास मात्र असे दिसते की, हात त्यात पूर्वीपासूनच होते. त्यांची किंमत कोणी केली नव्हती, इतकेच.

धारित्राची रचना अगदी साधी. धातूचे दोन पत्रे, आणि त्यांच्यामध्ये वीज वाहून न नेणारा पातळ पडदा: काचेचा, कागदाचा, अभ्रकाचा किंवा प्लॅस्टिकचा. एकाच दिशेने वाहू पाहणारी वीज या पडद्यापाशी अडते. उलटसुलट हेलकावणाऱ्या विजेचा परिणाम मात्र पलीकडे पोचतो. आवाज तारेतून जातो तो अशा हेलकाव्यांच्याच रूपाने. म्हणून व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकात एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे गाणे तेवढे पोचवायचे आणि पहिल्यावरील शेकडो व्होल्टांचा दाब तेथेच रोखायचा, ही कामगिरी धारित्राची. देवडीवर बसलेल्या जाणत्या माणसाप्रमाणे ते एकास आत सोडते व दुसऱ्यास परतविते. पडदा जरा गळका निघाला, तर पुढचा व्हॉल्व्ह भलतीच वीज ओढू लागतो, तापतो, आणि आवाज फाटतो. सारे मर्म त्या पडद्यात आहे.

पहिला पडदा काचेचा होता. ११ ऑक्टोबर १७४५ रोजी पोमेरेनियातील क्लाइस्ट नावाच्या धर्माधिकाऱ्याला, आणि काही महिन्यांनी हॉलंडातील लायडन येथे प्राध्यापक म्युशेनब्रूक यांना, काचेच्या भांड्यात वीज साठविता येते हे जबर झटका बसून कळले. फ्रान्सचे राज्य देऊ केले तरी हा प्रयोग पुन्हा अंगावर घेणार नाही, असे म्युशेनब्रूक यांनी कळविले. परंतु लोकांना ती करमणूक वाटली. १७४६ मध्ये नोले या फ्रेंच पंडिताने राजापुढे १८० शिपायांना हातात हात घालून उभे केले, आणि भांड्याला स्पर्श होताच सारी रांग एकदम उडाली! या गमतीपेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. भांडे रिकामे केल्यावर थोड्या वेळाने पुन्हा तपासले, तर त्यातून आणखी एक बारीक ठिणगी निघे. काचेने थोडी वीज पोटात दडवून ठेवलेली असे. जर्मन शास्त्रज्ञ कोलराउश यांनी १८५४ मध्ये या मागे राहिलेल्या विजेचा पद्धतशीर अभ्यास केला. ही रेंगाळणारी वीज ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

बिनतारी संदेशांच्या पहिल्या काळातही काचच वापरात होती. १९०१ साली मार्कोनीच्या पोल्ढू येथील केंद्रासाठी फ्लेमिंग यांनी जी धारित्रे योजिली, ती जवसाच्या तेलात बुडविलेल्या काचांचीच होती. पण काच जड, ठिसूळ आणि जागा व्यापणारी. विल्यम डुबिलियर या अमेरिकन तरुणाने १९०९ मध्ये तिच्या जागी अभ्रक आणले, आणि पहिल्या महायुद्धात जहाजांवरील व सैन्यातील बिनतारी यंत्रांसाठी अभ्रकाच्या धारित्रांना मोठी मागणी आली. येथे या इतिहासाचा एक धागा आपल्या देशाशी येऊन जुळतो. कारण उत्तम माणकी छटेचे अभ्रक मिळे ते त्या वेळच्या बिहारातील, म्हणजे आताच्या झारखंडातील, कोडरमा, गिरिडीह व हजारीबाग या भागात.

अभ्रकाचा गुण असा की, त्याचे पापुद्रे सुटतात. पण ते आपोआप सुटत नाहीत. खाणीतून निघालेल्या ओबडधोबड ठोकळ्याच्या कडा विळ्याने छाटावयाच्या, मग सुरीच्या टोकाने थर उकलावयाचे, आणि उकलता उकलता एका इंचाच्या हजाराव्या भागापासून तीनचार हजारांश जाडीपर्यंत यावयाचे. पापुद्रा सर्वत्र सारख्या जाडीचा हवा. त्यात डाग नको, हवेचा बुडबुडा नको, चीर तर नकोच. नंतर तो उजेडासमोर धरून प्रत ठरवावयाची. हे काम यंत्राला साधले नाही, बोटांना साधले. ती बोटे मुख्यत्वे बायकांची आणि मुलांची होती. १९३८ साली बालकामगारांविषयी जो कायदा झाला, त्यात बारा वर्षांखालील मुलांना ज्या कामांची बंदी केली, त्या यादीत अभ्रक कापणे व उकलणे स्पष्टपणे नमूद आहे. मात्र मालक केवळ आपल्या कुटुंबाच्या मदतीने काम करीत असेल, तर बंदी लागू नव्हती. अभ्रक उकलण्याचे काम घरोघरही चाले, हे लक्षात घेतले म्हणजे या सवलतीचा अर्थ सांगावा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात या पापुद्र्यांसाठी इंग्लंड व अमेरिका यांनी खरेदीचे संयुक्त मंडळच हिंदुस्थानात ठेवले होते. विमानांतील बिनतारी यंत्रे त्यांवाचून अडत होती.

घरगुती रेडिओत मात्र बहुतेक ठिकाणी कागदच असे. मेणात भिजविलेला कागद व धातूचा वर्ख यांची गुंडाळी करण्याची युक्ती फिट्झजेरल्ड यांनी १८७६ मध्ये काढली होती. वस्तू स्वस्त, पण कागद ओल धरतो. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात जुन्या रेडिओचा घसा का बसतो, याचे एक कारण या गुंडाळीत सापडते. पुढे प्लॅस्टिकचे पातळ पडदे आले, चिनी मातीच्या जातीची धारित्रे आली, आणि कागद व अभ्रक दोन्ही मागे पडले.

ते पुन्हा उजेडात आले शौकिनांमुळे. ट्रांझिस्टरच्या राज्यातही व्हॉल्व्हचा आवाज ज्यांना गोड वाटत राहिला, त्यांनी जुनी धारित्रे शोधून काढली. २००६ मध्ये निवर्तलेले जपानी अभियंते कोंडो हिरोयासु यांनी तारा व धारित्रे चांदीची करण्याचा ध्यासच घेतला होता. ही चांदी मिठाईवरच्या वर्खाइतकी तलम नसते, तथापि ती सुरकुती न पडू देता गुंडाळणे हे कसबाचेच काम. १९८० साली वॉल्टर युंग व रिचर्ड मार्श या दोघा अमेरिकनांनी ‘ऑडिओ’ मासिकात धारित्रांच्या निवडीवर लेख लिहिले, आणि कोलराउशच्या त्या रेंगाळणाऱ्या विजेचा संबंध ऐकू येणाऱ्या आवाजाशी जोडला.

परंतु मौज अशी की, तेलात भिजविलेला कागद या कसोटीवर उणा ठरतो. यंत्रावर गुंडाळलेले पॉलिप्रॉपिलीनचे स्वस्त धारित्र त्याच्यापेक्षा पुष्कळच सरस असते. घट्ट गुंडाळीचा उपयोग नाही असे नव्हे. सैल गुंडाळी आवाजाच्या कंपाने स्वतःच थरथरते, आणि ती थरथर गाण्यात मिसळते. तरीही कोणते धारित्र बसविले आहे हे ऐकणाऱ्यास कळू न देता घेतलेली परीक्षा हाच खरा निवाडा, असे मला वाटते. आणि लाख रुपये मोजलेला मनुष्य त्या परीक्षेस बहुधा उत्सुक नसतो. तांब्या-चांदीचे वजन, कागद, तेल यांचा हिशोब केल्यावर जी रक्कम उरते, ती गुंडाळणाऱ्याच्या नावाची असते.

अभ्रक उकलणाऱ्यांना असे नाव मिळाले नाही. चांदीचा लेप दिलेली अभ्रकी धारित्रे आजही उंची ध्वनिवर्धकांत लहान लहान जागी बसविलेली आढळतात, पण मोठा व्यापार केव्हाच ओसरला. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर कोडरमा-गिरिडीहकडील पुष्कळ खाणी बंद झाल्या. सोडून दिलेल्या खाणींतून व मातीच्या ढिगांतून अभ्रकाचे तुकडे वेचणे मात्र चालूच राहिले. त्या तुकड्यांना तेथे ‘ढिबरा’ म्हणतात. त्याची भुकटी होऊन ती रंगांत आणि सौंदर्यप्रसाधनांत चमक आणण्यासाठी जाते. २०१६ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या तपासात, अशा खाणी ढासळून मुले दगावल्याचे आणि ते मृत्यू दडविले गेल्याचे उघड झाले.