गाडी वॉरंटीत आहे, तरी क्लेम का नाकारला जातो? नायगावच्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीची गोष्ट

गाडी घेऊन दोन वर्षं झाली, मीटरवर जेमतेम सात हजार किलोमीटर. इंजिनातून आवाज येतोय म्हणून सर्व्हिस सेंटरला नेली, तर तिथला सल्लागार कॉम्प्युटरमध्ये बघून सांगतो, "साहेब, मधली सर्व्हिस झालेलीच नाही. वॉरंटीत बसणार नाही."

नायगाव, भोईवाडा, परळ भागात राहणाऱ्यांच्या बाबतीत हे सहज घडू शकतं. इथून दादर स्टेशन चालत गाठता येतं, त्यामुळे गाडी रोज कामावर जात नाही. ती बाहेर निघते रविवारी, लग्नाकार्याला आणि गणपतीत कोकणात जायला. बाकी दिवस चाळीसमोर धूळ खात उभी. मालकाच्या मनात एकच हिशोब असतो, की अजून दहा हजार झालेच नाहीत, मग सर्व्हिस कशाला? पण पुस्तिकेत लिहिलेलं असतं "किलोमीटर किंवा महिने, यापैकी जे आधी पूर्ण होईल ते". उभ्या गाडीचं ऑइलही जुनं होतं आणि छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नसल्याने आत ओलावा धरतो. म्हणजे कमी चालणाऱ्या गाडीलाच तारखेची सर्व्हिस जास्त सांभाळावी लागते.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, क्लेम नाकारले जातात. कधी योग्य कारणाने, कधी अंगावर आलेलं झटकण्यासाठी. हा फरक ओळखता आला पाहिजे.

वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. सुट्या भागात किंवा जोडणीत कंपनीकडून दोष राहिला असेल तर तो भाग फुकट दुरुस्त करू किंवा बदलून देऊ, एवढंच ते वचन असतं. ब्रेक पॅड, वायपर, क्लच प्लेट हे झिजणारे भाग साधारणपणे त्यात येत नाहीत. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा ते बनवणारी कंपनी वेगळी देते. मुदतही सगळ्यांची सारखी नसते. मारुती सुझुकीची मूळ वॉरंटी आधी २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर होती, ती जुलै २०२४ मध्ये ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर झाली.

आता या भागातला सगळ्यात महागडा विषय, म्हणजे हिंदमाता. पालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, तरी जोराच्या पावसात आणि भरतीच्या वेळी इथे गाडी घालताना आजही दहादा विचार करावा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला जावं, तर हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि कधी कधी पूर्ण इंजिन उतरवावं लागतं. हा कंपनीचा दोष नाही, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही. साध्या विम्यातही पुरात भिजलेली गाडी बसते, पण पाण्यात स्टार्टर मारल्यामुळे बिघडलेलं इंजिन "परिणामी नुकसान" म्हणून नाकारलं जाऊ शकतं. त्यासाठी "इंजिन प्रोटेक्ट" हे वेगळं कव्हर विकत घ्यावं लागतं. मुंबईत रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने इतर कुठलंही ॲड-ऑन टाळलं तरी चालेल, हे टाळू नये. आणि गाडी पाण्यात बंद पडलीच तर किल्ली फिरवू नका. पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करूनच न्या.

उंदरांनी कुरतडलेलं वायरिंगही वॉरंटीबाहेर. रात्री बाजूला कचऱ्याचा डबा नसेल अशी जागा बघणं, एवढाच उपाय आपल्या हातात. तीही जागा मिळाली तर.

बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टीम किंवा लाइटसाठी मूळ वायर कापली, तर वायरिंगशी संबंधित क्लेमवर बोट ठेवायला आयतं कारण मिळतं. बाहेर बसवलेल्या सीएनजी किटचंही तेच. अर्थात वायर कापली म्हणून गिअरबॉक्सचा क्लेम नाकारणं बरोबर नाही. बिघाडाचा आणि त्या बदलाचा संबंध काय, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

हाच मुद्दा बाहेरच्या गॅरेजच्या बाबतीत येतो. "बाहेर हात लावलात, वॉरंटी गेली" हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. त्याच आदेशात म्हटलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या या आदेशाविरुद्ध पुढे लढत राहिल्या, त्यामुळे काउंटरवर तो दाखवून काम होईलच असं नाही. पण तक्रार लिहिताना हा मुद्दा जरूर घाला. तरीही वॉरंटी संपेपर्यंत सर्व्हिस अधिकृत ठिकाणी करून प्रत्येक बिल जपलेलं बरं.

क्लेम नाकारला तर तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "ग्राहक म्हणतो आवाज येतो" एवढं पुरत नाही. कधी, किती वेगात, केव्हापासून हे हवं. मग नकाराचं कारण आणि पुस्तिकेतलं कलम ईमेलवर मागा. तोंडी ठणकावून सांगितलेली बरीच कारणं लेखी द्यायची वेळ आली की मऊ होतात. डीलरने दाद दिली नाही तर थेट कंपनीला लिहा, त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तिथेही काम झालं नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते. नायगावकरांसाठी तो मध्य मुंबई जिल्हा आयोग. परळचं पुरवठा भवन हे त्याचं अनेक वर्षांचं ठिकाण. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही अर्ज करता येतो. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. ५ ते १० लाखांत घेतलेल्या गाडीसाठी फी २०० रुपये आहे आणि वकील लावणं बंधनकारक नाही.

मागणी मात्र बेताची ठेवा. बिघडलेला भाग बदलून देणं हीच वॉरंटीची जबाबदारी, त्यासाठी अख्खी नवी गाडी मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात म्हटलं. दुसरं प्रकरण गोव्याचं. २०११ चं मॉडेल म्हणून ग्राहकाला २००९ ची, आधी चाललेली गाडी दिली गेली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून मोकळं केलं, कारण चूक डीलरची होती आणि कंपनीला त्यात ओढण्यासाठी तसा पुरावा लागतो. म्हणून तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, आणि कोणी काय चूक केली ते वेगवेगळं लिहा.