माळवद आणि नमुना आठ

१९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाड-हैदराबाद रेल्वे आली आणि लासूर गावाशेजारी ‘स्टेशन’ वसू लागलं. तिथलं आमचं जुनं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. मृगाआधी वर पांढरी माती पसरायची, चोपून घट्ट करायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. आजी वरून ओरडायची, “उतार ठेवा रे, पाणी थांबलं की भिंत गेली!” स्लॅबवाल्यांनीही हे ऐकावं.

घर म्हटलं की घरपट्टीही आली; ती १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातली. २०१५ च्या अखेरच्या नियमांनी ती भांडवली मूल्यावर नेली. मातीच्या घराचा दर वेगळा, जुन्या बांधकामाला घसारा. तेव्हा नमुना आठचा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा, उतारा काढून बांधकामाचा प्रकार, वय, क्षेत्रफळ तपासा. आमच्याकडे लोक फक्त नाव बघून घडी घालतात.