चिठ्ठीतला इतिहास

वनस्पतिसंग्रहालयातील नमुना म्हणजे जाड कागदावर चिकटवलेली वाळलेली फांदी आणि कोपऱ्यात एक चिठ्ठी. फांदीवरून वनस्पती कोणती ते कळते. ती कुठे आणि केव्हा उगवलेली होती, हे फक्त चिठ्ठी सांगते. अशा चिठ्ठ्यांतून इतिहास कसा वाचायचा आणि वाचताना कुठे फसगत होते, हे एका वाळवंटी झुडपाच्या उदाहरणाने पाहू.

हे झुडूप म्हणजे सोनोरा वाळवंटातील बर्सेरा मायक्रोफायला. कधी ते छोट्या झाडाएवढेही वाढते. पाणी साठवणाऱ्या फुगीर खोडामुळे अमेरिकेत त्याला 'हत्तीवृक्ष' म्हणतात. साल कागदासारखी सुटते आणि पान चुरगळले की राळेचा वास येतो. आपली साळई आणि गुग्गुळ याच कुलातील.

१८५९ मध्ये यानोश झांतुश हा हंगेरियन संग्राहक मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, केप सान लुकास येथे राहायला गेला. नोकरी भरती-ओहोटीच्या नोंदी घेण्याची. फावल्या वेळात तो प्राणी आणि वनस्पती गोळा करी. त्याने पाठवलेल्या नमुन्यांवरून वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी १८६१ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले.

तेथून अकराशे किलोमीटरांहून अधिक उत्तरेला, ॲरिझोनातील फिनिक्स शहरात साऊथ माउंटन पार्क हे डोंगराळ उद्यान आहे. शहराने १९२४ मध्ये तेथील सुमारे १३,००० एकर जमीन १७,००० डॉलरना विकत घेतली. या डोंगरांतूनही हत्तीवृक्षाचे नमुने गोळा झाले आहेत. ही जातीच्या उत्तर सीमेजवळची जागा.

सीमा इथे का? कारण हिवाळ्यातील गोठण. १९११ मध्ये फॉरेस्ट श्रीव्ह यांनी सग्वारो या महाकाय निवडुंगाबाबत दाखवले, की पारा किती उतरतो याइतकेच गोठण सलग किती तास टिकते हेही महत्त्वाचे असते. हत्तीवृक्ष सग्वारोहूनही नाजूक. रात्री थंड, जड हवा उतारावरून खाली सपाटीत साचते. दिवसा तापलेले खडक मात्र ऊब देत राहतात. म्हणून खडकाळ उतारावर त्याला आसरा मिळतो.

उद्या याहून उत्तरेकडून नवा नमुना आला, तर हवामान तापल्यामुळे झुडूप पुढे सरकले असे म्हणावे का? घाई नको. संग्राहक बहुधा रस्ते आणि पायवाटा धरून हिंडतात. नमुना असणे हा वनस्पती तेथे असल्याचा पुरावा आहे. नमुना नसणे हा ती नसल्याचा पुरावा नव्हे. नव्या जागी जुनी, जाड खोडे आढळली तर झुडूप पूर्वीपासूनच तिथे होते, पाहणारा मात्र आता पोचला. नुसती कोवळी रोपे असतील तर विस्ताराची शंका बळावते. ही नोंद फांदी तोडतानाच चिठ्ठीवर करावी लागते. वाळलेल्या फांदीवरून ती पुढे कोणालाच काढता येत नाही.

शाळेत विद्यार्थ्यांकडून नमुने करून घेताना आपण पाने नीट दाबली गेली की नाही हे पाहतो. चिठ्ठीकडेही तेवढेच लक्ष देऊ या: गाव, नेमकी जागा, उताराची दिशा, तारीख, वर्ष, किती रोपे, किती जुनी झाडे आणि गोळा करणाऱ्याचे नाव. शंभर वर्षांनी कोणाला कोणता प्रश्न पडेल, हे आज आपल्याला ठाऊक नसते. त्याच्या हाती मात्र आपली चिठ्ठीच असेल.