वाहनातील विद्युत तारांची जोडणी : पद्धतीच्या निवडीचा इतिहास
(विशेष संदर्भ : जुन्नर व आंबेगाव तालुके)

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाच्या इतिहासात यंत्राचा शोध आणि कारखान्याची उभारणी यांची नोंद होते. यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या निर्णयाची सहसा होत नाही. मोटारीतील तुटलेली तार पुन्हा कशी जोडावी, हा असाच एक निर्णय होय. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात या निवडीमागील कारणांचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी :
नाणेघाटामुळे जुन्नर हे सातवाहनकाळापासून कोकण व देश यांमधील व्यापाराचे केंद्र होते. मोटारयुगात ही वाहतूक पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर, नारायणगाव व आळेफाटा येथे एकवटली. आळेफाट्याहून माळशेज घाटाकडे, तर मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे रस्ता जातो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली, पुढे एस.टी.चे जाळे खेडोपाडी पोहोचले. दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग डोंगराळ व अतिपावसाचा, पूर्व भाग तुलनेने कोरडा आहे. त्यामुळे घाटातील हादरे, ओल आणि धूळ यांचा मारा येथील वाहनांच्या तारांवर होत राहतो.

जोडणीच्या पद्धती :
पहिली पद्धत पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळण्याची. तिची पूर्वपरंपरा एकोणिसाव्या शतकातील तारायंत्राच्या जोडकामात आढळते. दुसरी पद्धत डाख देण्याची, म्हणजेच सोल्डरिंगची. तिसरी, धातूची नळी किंवा थिंबल पकडीने दाबून बसविण्याची, म्हणजेच क्रिंपिंगची. १९४१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स या कंपनीने विमाने व जहाजांसाठी डाखविरहित जोड तयार केले. पुढे मोटारउद्योगानेही ही पद्धत स्वीकारली, कारण तीत उष्णता लागत नाही, काम जलद होते आणि प्रत्येक जोड सारखा उतरतो.

निवडीची कारणमीमांसा :
घरातील २३० व्होल्टच्या ६० वॅट दिव्यातून सुमारे ०.२६ अँपिअर प्रवाह वाहतो; मोटारीतील १२ व्होल्टच्या तेवढ्याच दिव्याला ५ अँपिअर लागतात. सैल जोडाचा रोध ०.१ ओहम असल्यास मोटारीत अर्धा व्होल्ट वाया जातो आणि जोडात अडीच वॅट उष्णता निर्माण होते. घरात हाच दोष जाणवतही नाही. रात्रीच्या घाटात मंद दिवा किंवा तापलेली तार म्हणजे जिवाशी गाठ असते. म्हणून घरगुती वायरिंगचा अनुभव मोटारीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

नुसता पीळ हादऱ्याने सैल होतो आणि त्यात ओल शिरते. डाखाने विद्युतसंपर्क उत्तम साधतो. परंतु डाख तारेच्या पदरांत शिरून तेवढा भाग ताठर करतो आणि जेथे तो संपतो तेथे तार हादऱ्याने तुटण्याचा संभव असतो. आम्लयुक्त पेस्ट वापरल्यास तांबेही गंजते. योग्य मापाची नळी व योग्य पकड असेल तर दाबजोड हादरे अधिक चांगले सोसतो. साध्या पक्कडीने चेपलेला दाबजोड मात्र पिळाइतकाच अविश्वसनीय ठरतो. उष्णतेने आकसणारी, आतून चिकट नळी वर चढविल्यास ओलीपासूनही संरक्षण मिळते.

तथापि, पद्धत उत्तम असणे आणि ती हाताशी असणे या भिन्न गोष्टी होत. घाटात बंद पडलेल्या वाहनाजवळ चाकू व चिकटपट्टी एवढीच साधने असतील, तर पीळजोड हाच व्यवहार्य उपाय ठरतो. त्याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. दोष तात्पुरता जोड कायम ठेवण्यात आहे.

निष्कर्ष :
येथील भूगोल पाहता तात्पुरत्या दुरुस्तीस पीळ, कायम दुरुस्तीस योग्य पकडीचा व आच्छादित दाबजोड, आणि आधार देऊन हादऱ्यापासून सुरक्षित केलेल्या ठिकाणी डाख, अशी विभागणी युक्त ठरते. जोडणीची निवड केवळ नव्या शोधाने ठरत नाही; रस्ता, पाऊस, हत्यार आणि वेळ हे तिचे अन्य घटक होत. यास्तव स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने नाणेघाटाच्या शिलालेखांबरोबर महामार्गावरील गॅरेजकडेही अभ्याससाधन म्हणून पाहणे आवश्यक आहे.