काचेपासून पडद्यापर्यंत : नवशिक्या छायाचित्रकाराचा इतिहास

डिजिटल कॅमेऱ्याने नवशिक्याला काय दिले, असे विचारले तर बहुतेक जण फिल्मचा खर्च वाचला असे सांगतील. ते खरेच आहे. पण छायाचित्रण शिकण्याचा इतिहास पाहिला तर खर्चाहून मोलाची गोष्ट निराळी दिसते : चूक होणे आणि ती कळणे यांतला अवधी.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर लेप द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी तिच्यावरचे चित्र रसायनाने उमटवायचे. सारा कारभार दहापंधरा मिनिटांचा. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या काळी काचेवर काम करणाऱ्या शिकाऊ माणसाची बोटे काळी होत, परंतु उजेड कमी पडला की जास्त झाला हे त्याला जागच्या जागी समजे.

हा लाभ हिरावला गेला तो सोयीमुळे. १८८८ च्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे. ती संपली की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा! कळ दाबणारा एक आणि चित्र घडवणारा दुसरा, अशी ही फारकत. पुढे छत्तीस चित्रांच्या रोलचे युग आले, तेव्हा मन लावून शिकणारा छिद्रमान आणि शटरचा वेग वहीत टिपून ठेवी. रोल धुऊन येईपर्यंत तो उजेड मात्र आठवणीतून गेलेला असे.

१९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन सुमारे ३.६ किलो, चित्रात अवघे १०,००० बिंदू, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र खरे वळण १९९५ चे. त्या वर्षी बाजारात आलेल्या कॅसिओ क्यूव्ही-१० च्या पाठीवर छोटा पडदा होता. त्याच वर्षी 'एक्झिफ'चा पहिला मसुदा निघाला. कॅमेऱ्याची मोजमापे चित्रासोबतच नोंदवण्याची ही व्यवस्था, म्हणजे ती जुनी वहीच. ती उघडून पाहणारे विद्यार्थी थोडे, हा भाग वेगळा.

म्हणून डिजिटल छायाचित्रण ही मला क्रांतीपेक्षा परतफेड वाटते. कोलोडियनवाल्याला मिळणारी तात्काळ प्रचीती दीडशे वर्षांनी नवशिक्याच्या हाती परत आली. मात्र आजचा मोबाइल एका स्पर्शात अनेक चित्रे टिपतो, त्यांचे मिश्रण करतो, काळोख उजळतो. चूक दिसण्याआधीच दुरुस्त झालेली असते. ज्याला शिकायचे आहे त्याने ती हुशारी बंद करून 'प्रो' किंवा 'मॅन्युअल' पर्याय निवडावा, खिडकीशी एखादा तांब्या ठेवावा आणि फक्त शटरचा वेग बदलत दहा चित्रे घ्यावीत. पहिली दोनतीन बहुधा काळीठिक्कर येतील.