खोली, वेध आणि परस : भद्रावतीच्या भूमीतील तिसरी मिती

लांबी आणि रुंदी या दोन मिती पाहणाऱ्याला सहज कळतात. तिसरी मिती मात्र कोठून आणि कोणत्या दिशेने मोजायची हे आधी ठरवावे लागते, आणि मराठीत तिच्यासाठी रूढ असलेला ‘खोली’ हा शब्द या दोन्ही बाबतींत मोकळा आहे. विहीर खाली खोल असते, गुहा आत खोल असते, आणि भिंतींनी वेढलेल्या राहत्या जागेलाही खोलीच म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे, म्हणजे पूर्वीच्या भांदक येथे (रेल्वे स्थानकाने हे जुने नाव अजून सोडलेले नाही), हे तिन्ही अर्थ एकाच परिसरात भेटतात.

गावालगतच्या विजासन टेकडीतील बौद्ध लेणे हे त्यांतील सर्वांत जुने उदाहरण होय. अजिंठ्याच्या विहारांत मध्ये चौरस मंडप आणि भोवती भिक्षूंच्या निवासाच्या लहान खोल्या अशी योजना आढळते; विजासनला तसे नाही. येथे एक अरुंद दालन डोंगरात सुमारे 71 फूट सरळ आत जाते, त्याच्या टोकाशी बुद्धाची भव्य आसनस्थ मूर्ती आहे, आणि त्याला काटकोनात डावी-उजवीकडे फुटणाऱ्या दोन दालनांच्या शेवटीही गर्भगृह व मूर्ती आहेत. म्हणजे या लेण्याचा सारा विचार रुंदीचा नसून आत शिरण्याचा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1873 ते 1875 या काळातील मध्य प्रांतांच्या दौऱ्यात भांदकचे अवशेष पाहिले. भांदक ही वाकाटकांची राजधानी असावी हा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही, परंतु लेण्याचा आराखडा वादापलीकडचा आहे.

खाली जाणाऱ्या खोलीची परिभाषा शास्त्रग्रंथांनी फार पूर्वी पक्की केली होती. अर्थशास्त्रात 84 अंगुलांच्या मापाला ‘खातपौरुष’, म्हणजे खड्डा मोजण्याचा पुरुष, म्हटले आहे. 24 अंगुलांचा एक हात धरल्यास ते नेमके साडेतीन हात भरते, आणि मराठीत माणसाचा देह साडेतीन हातांचाच मानला जातो. शुल्बसूत्रांतील यज्ञवेदीचा पुरुष मात्र 120 अंगुलांचा, हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाच्या उंचीइतका. विहिरीची खोली ‘परसां’त सांगण्याची मराठी रीत या दुसऱ्या कल्पनेच्या जवळची आहे, कारण परस म्हणजे हात उंचावलेल्या माणसाइतके अंतर. भास्कराचार्यांनी 1150च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त खोदकामाच्या गणिताला ‘खातव्यवहार’ असे नाव असून खोलीसाठी ‘वेध’ हा शब्द आहे. लांबी, रुंदी आणि वेध अनेक ठिकाणी मोजून प्रत्येकाची सरासरी घ्यावी आणि त्यांच्या गुणाकाराने घनफळ काढावे, हा नियम ओबडधोबड खड्ड्यांसाठीच सांगितलेला आहे.

या नियमाचे महत्त्व भद्रावतीला कोळशाने पुन्हा पटवून दिले. जवळच्या वरोऱ्याची सरकारी खाण 1906 साली बंद पडली. पुढे 1973च्या राष्ट्रीयीकरणानंतर वर्धा खोऱ्यातील खाणी 1975 साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे गेल्या, आणि भद्रावती तालुक्यातील माजरी हे तिचे एक क्षेत्र झाले. भूमिगत खाणीत इन्क्लाइन, म्हणजे उतरता बोगदा, आत आणि खाली असा दोन्हीकडे एकदम जातो, त्यामुळे बोगद्याची लांबी आणि कोळशाची खोली हे दोन निराळे आकडे ठरतात. उघड्या खाणीत प्रश्न वेगळा असतो : थर तिरपा असल्याने जसजसे पुढे खणावे तसतसा कोळसा खोल जातो, आणि एक टन कोळशामागे किती घनमीटर माती-दगड हलवावे लागतात यावर खाणीचा नफा-तोटा ठरतो. येथे खोलीला थेट पैशाचे मोल येते. काढलेली माती ‘ओव्हरबर्डन’ या नावाने कडेला रचली जाते, आणि सपाट शेतीच्या या मुलखात आज दिसणाऱ्या कित्येक टेकड्या निसर्गाच्या नसून खाणींच्या आहेत.

स्थानिक इतिहासाच्या लेखनात मात्र लेणे, विहीर आणि खाण या तिन्हींबद्दल ‘खोल’ एवढाच शब्द वापरून काम भागवले जाते. मोजणीचा आरंभबिंदू आणि दिशा न सांगता दिलेली खोली अभ्यासकाच्या उपयोगाची नसते. विजासनचे 71 फूट हे आडवे, दारापासून आत मोजलेले अंतर आहे, ही गोष्ट त्या आकड्याशेजारीच नोंदवली गेली पाहिजे.